तेर्ना बोटीच्या मागच्या अर्ध्या भागाविषयी

मी, ओयविंद, खडकाखालच्या घरातला, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा पूर्वी मासेमारी व आता बोटदुरुस्ती, राहणार गासाविक, बेट सुदुरोय, फॅरो बेटे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून, पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी मागच्या सोमवारी दिला असून तो सोबत टाचला आहे. शेजारीण बिल्ला हिचे मत वेगळे आहे, पण ते तिने लेखी दिलेले नाही, सबब ते विचारात घेऊ नये.

मृत्युपत्र आजच लिहिण्याचे कारण असे की माझ्या छातीतली एक झडप गळते. उद्या सकाळी मला हेलिकॉप्टरने तोर्शावनला नेऊन ती बदलणार आहेत. तिथला सर्जन फोनवर म्हणाला, "काहीही काळजी करू नका." मी जन्मभर गळक्या वस्तू दुरुस्त करत आलो आहे आणि गिऱ्हाइकाला हेच वाक्य सांगत आलो आहे. त्यानंतर काय काय होऊ शकते हे मला चांगले ठाऊक आहे.

कलम पहिले. यापूर्वीची माझी सगळी मृत्युपत्रे रद्द समजावीत. अशी एकूण एकच आहे. १९९८ साली ग्रामसभेत माझे कोणी ऐकून घेतले नाही म्हणून रागाच्या भरात मी सर्व स्थावर-जंगम मालमत्ता कड्यावरच्या समुद्रपक्ष्यांना ठेवली होती. ती व्यवस्था आता राहिलेली नाही. पक्ष्यांना कळवण्याची गरज नाही.

कलम दुसरे. माझा दफनविधी माझा धाकटा भाऊ याल्मार याने करावा. तो पाद्री आहे, निवृत्त झाला आहे, पण निवृत्तीने त्याच्यात काही फरक पडलेला नाही. अट एकच. प्रवचन पंधरा मिनिटांच्या वर जाता कामा नये. याल्मारचे प्रवचन पन्नास मिनिटांचे असते, आणि एरवी मी खोकल्याचे निमित्त करून उठून जातो, ती सोय मला त्या दिवशी नसेल. विधीनंतर आलेल्या सर्वांना कॉफी आणि वाऱ्यावर सुकवलेले मटण द्यावे. मटण पातळ कापावे. जाड कापले तर लोक दुःखात असल्यासारखे दिसतात आणि खरे म्हणजे ते चावत असतात.

कलम तिसरे. राहते घर, त्याच्या छपरावरच्या गवतासह, माझी कै. पत्नी मारगरेता हिच्या बहिणीची मुलगी सुनीवा हिला द्यावे. सुनीवा फेरीबोटीची कप्तान आहे, लहानपणापासून माझ्याकडे उन्हाळ्यात येत असे, आणि आमच्या अख्ख्या नातेवाईकांत दोरीची गाठ पाहून ती कोणी मारली हे सांगू शकणारी ती एकटीच आहे. घरामागे फटी ठेवून बांधलेली लाकडी खोली आहे, तिच्यात मटण वाऱ्यावर टांगलेले असते. त्या खोलीत सुनीवाचा नवरा एकट्याने जाणार नाही, ही अट. तो डेन्मार्कचा आहे, स्वभावाने चांगला आहे. सहा वर्षांपूर्वी त्याला त्या खोलीतला वास आला, मटण नासले असे त्याला वाटले, आणि आम्हाला त्रास नको म्हणून त्याने दोन अख्ख्या तंगड्या बागेत पुरल्या. सुनीवा म्हणाली, "काका, त्याला माफ करा, त्याला कळलं नाही." मी माफ केले आहे. पण त्या तंगड्या मी अजून विसरलेलो नाही.

कलम चौथे. हत्यारे. वाकस, रंधे, करवती आणि डांबराचे पिंप सुनीवाने ठेवावे. फळ्या दाबून धरायचे लाकडी शिकंजे एकूण चौदा. पैकी तीन वरच्या आळीतल्या रेगिनने १९८७ साली 'दोन दिवसांसाठी' नेले. सुनीवाने ते त्याच्याकडून परत आणावेत, माझ्या भिंतीवर एक रात्र टांगावेत, आणि दुसऱ्या दिवशी माझी भेट म्हणून रेगिनलाच नेऊन द्यावेत. देणे आणि ढापणे यात फरक असतो हे त्याला एकदा कळू दे. तांब्याची किटली बिल्लाला द्यावी. ती तिच्याकडे १९७१ पासून बघते आहे.

कलम पाचवे. बोट.

सहा वल्ह्यांची तेर्ना ही बोट आमच्या आजोबांनी १९२३ साली बांधली. त्यांच्यानंतर ती वडिलांकडे आली. वडील १९९३ साली वारले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात एकच ओळ होती: पुढचा अर्धा मोठ्याला, मागचा अर्धा धाकट्याला. अर्धी बोट कशी वापरायची हे त्यांनी लिहिले नव्हते. दोघांनी एकत्र बसावे असा त्यांचा हेतू असणार, पण हेतू लिहायची वडिलांना सवय नव्हती.

आता इथे एक गोष्ट सांगणे भाग आहे, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. आमच्या वडिलांच्या बोटीत काही शब्द उच्चारायला बंदी होती. समुद्रावर सुरीला सुरी म्हणायचे नाही, 'धारवाली' म्हणायचे. मांजराला 'मऊ पायाची' म्हणायचे. आणि सगळ्यांत वाईट शब्द म्हणजे पाद्री. तो शब्द बोटीत निघाला की मासे तळाला जातात आणि वारा फिरतो, असे वडील मानत. त्यांच्या लहानपणी जे जुने पाद्री होते ते घरी आले की घरातल्या सगळ्यांची तोंडे बंद होत, बाटलीला बूच मारल्यासारखी. म्हणून आमच्या बोटीत पाद्र्याला 'बूच' म्हणायची पद्धत पडली. 'आज बूच घरी येऊन गेलं' म्हणजे आज पाद्री घरी येऊन गेले. बोटीच्या तळाला पाणी काढायचे भोक असते, त्यालाही खरेखुरे बूच असते, पण त्याने कधी गोंधळ झाला नाही. ते बूच किनाऱ्यावरच बसवतात. समुद्रात त्याचे नाव काढायची वेळ आली म्हणजे तसाही उशीर झालेला असतो.

तर अशा माणसाचा धाकटा मुलगा पाद्री झाला. याल्मारची पाद्री म्हणून नेमणूक झाल्याचे पत्र आले त्या आठवड्यात वडील आणि मी बोटीत होतो. पोटच्या पोराला बूच कसे म्हणायचे, हा वडिलांपुढे प्रश्न. बराच वेळ ते नुसते गळ सोडत बसले.

मग म्हणाले, "तुझ्या आईचा दुसरा मुलगा परवा येतोय."

"दुसरा कुठला?"

"जो मासे मारत नाही तो."

त्यानंतर वडिलांनी याल्मारला बोटीत घेतले नाही. रागावले होते असे नाही. किनाऱ्यावर ते त्याच्याशी चांगले वागत. फक्त बोट आली की मध्ये दार लागे.

वडील गेले तोवर बोट कुजली होती. आमच्या बेटांवर लाकूड उगवत नाही, ते समुद्रातून येते किंवा कोणाकडून तरी उपटावे लागते. मी सात वर्षे उपटत होतो. तेर्नाच्या फळ्यांत एक टेलिफोनचा खांब आहे, जुन्या नाचघराची जमीन आहे, रशियन अक्षरे लिहिलेला एक वाहून आलेला ओंडका आहे, आणि बिल्लाच्या कै. नवऱ्याची खाट आहे. खाट बिल्लाने आपणहून दिली. म्हणाली, "ने. तो असाही त्यात झोपायचा नाही, टीव्हीसमोरच झोपायचा." फळ्यांच्या मधे डांबरात भिजवून भरलेली लोकर पण तिच्याच मेंढ्यांची आहे, आणि याची आठवण तिने मला दर आठवड्याला दिली आहे.

मे २००० मधल्या एका रविवारी चर्च सुटल्यावर बोट पाण्यात घालायचे ठरले. मी याल्मारला म्हणालो, वडील नाहीत, आता बंदी कसली, तू चल. आधी आपण दोघे खुणेच्या तरंगत्या बोयाला वळसा घालून येऊ, मग बाकीचे चढतील. तो चर्चमधून तसाच आला, काळा झगा आणि गळ्यात ती बशीएवढी पांढरी चुणीदार कॉलर. गायकमंडळ धक्क्यावर उभे होते. तो त्याच्या अर्ध्या भागात मागे बसला, मी माझ्या अर्ध्या भागात पुढे. वल्हवताना दोघांची तोंडे मागच्या बाजूला, त्यामुळे मला फक्त त्याची पाठ आणि कॉलर दिसत होती. एकाच वेळी दोघांची वल्ही पाण्यात पडत होती. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. माझे डोळे भरून आले होते हे मी इथे लिहून ठेवतो, कारण पुढच्या मूर्खपणाचे तेही एक कारण आहे.

वीसेक वल्ही मारली असतील. याल्मार ओरडला, "दादा, बूच नाही!"

मी ते आमच्या बोटीच्या भाषेत ऐकले. पाद्री नाही, असे तो म्हणतोय. या बोटीत मी पाद्री नाही. मला वाटले, किती मोठ्या मनाचा माझा भाऊ.

"बरोबर," मी म्हणालो. "इथे नाही."

"अरे इथेच नाही! बूच नाहीये इथे!"

"ऐकलं मी. इथे तू फक्त माझा भाऊ आहेस. बस आणि वल्हव."

तो बसला आणि वल्हवू लागला. माझ्या पायात मांडीपर्यंतचे समुद्री बूट होते, त्यामुळे पाणी मला फार उशिरा कळले. चाळीस वल्ह्यांवर तेर्ना पाण्याने भरून बुडाली, खडकाला टेकली आणि आम्ही दोघे छातीभर पाण्यात खडकावर उभे राहिलो. गायकमंडळाच्या मास्तरांची समुद्राकडे पाठ होती, त्यामुळे गाणे पूर्ण झाले.

किनाऱ्यावर आम्हाला ओढून घेतले तेव्हा रेगिन म्हणाला, "काळा झगा बोटीत घेतला, दुसरं काय होणार." सगळ्यांनी याल्मारकडे पाहिले. त्याची कॉलर भिजून छातीवर लोंबत होती. मी तोंड पुसायला रुमाल काढावा म्हणून खिशात हात घातला, आणि हाताला बूच लागले. सकाळी बोट धुताना मी ते काढून खिशात टाकले होते. मी हात बाहेर काढला. बूच आतच ठेवले. आणि काही बोललो नाही.

खोटे मी बोललो नाही, हे एकोणीस वर्षे मी स्वतःला सांगत आलो आहे. ते खरे आहे आणि त्याचा काही उपयोग नाही.

त्याच संध्याकाळी याल्मारने चर्चमधल्या गीतांच्या क्रमांकांच्या कागदामागे लिहून पाठवले: मागचा अर्धा तुझा. माझ्यामुळे बुडाली. मी तो कागद ठेवून घेतला. त्यानंतर गावातल्या कोणी त्याला बोटीत घेतले नाही. खाडीपलीकडच्या प्रार्थनागृहात महिन्यातून दोन रविवार त्याला निवृत्तीनंतरही जावे लागते. बोटीने दहा मिनिटे. तो एकोणीस वर्षे डोंगराला वळसा घालून गाडीने जातो आहे. दर गुरुवारी तो मला सूप आणून देतो. मी बोटीच्या कोठीत असलो तर उंबऱ्याबाहेर उभा राहून भांडे आत सरकवतो. आम्ही मेंढ्यांविषयी बोलतो, हवेविषयी बोलतो. आत तो पाऊल टाकत नाही.

तेर्ना मी वर काढली आणि पुन्हा दुरुस्तीला घेतली. पहिली दुरुस्ती सात वर्षांत झाली होती. दुसरी एकोणीस वर्षे चालली आहे, आणि यात लाकडाचा काही दोष नाही. ती होत आली की मला एखादी फळी वाईट दिसते. ती बदलली की शेजारची. बोट तयार झाली तर पाण्यात घालावी लागेल, पाण्यात घातली तर बूच बसवावे लागेल, आणि बूच बसवताना गप्प राहणे मला जमणार नाही. मागच्या ऑक्टोबरपासून बोटीत एकही वाईट फळी उरलेली नाही. मी चांगल्या फळ्या बदलतो आहे.

सबब मी असे लिहून ठेवतो की तेर्नाचा मागचा अर्धा भाग, जो याल्मारचाच होता आणि जो मी गैरमार्गाने ठेवून घेतला, तो माझ्या मृत्यूनंतर याल्मारला परत द्यावा. पुढचा अर्धाही त्यालाच द्यावा. हे कलम माझ्या दफनानंतर त्याने एकट्याने वाचावे. वाचताना त्याचा चेहरा मला बघावा लागणार नाही, एवढ्याचसाठी मृत्युपत्र हा प्रकार मला सोयीचा वाटला.

येथे लेखन थांबले. वेळ दुपारी सव्वा एक. पुढचा मजकूर त्याच दिवशी, दिवेलागणीला लिहीत आहे. डोके अजून ठिकाणावर आहे, दाखला तोच धरावा.

दोन साक्षीदार ठरले होते, बिल्ला आणि पोस्टमन. पण वाऱ्यामुळे फेरीबोट बंद पडली आणि पोस्टमन पलीकडेच राहिला. बिल्ला दीड वाजता चष्मा घेऊन आली. तिला फक्त शेवटचे पान दाखवायचे होते, तिने पहिल्यापासून सुरुवात केली. चौथ्या कलमापाशी थांबली.

"किटली मला?"

"हो."

"मग माझी सही चालत नाही. आमचे हे गेले तेव्हा हीच भानगड झाली होती. ज्याला मिळतं, त्यानं साक्षीला उभं राहायचं नाही."

"मग किटली खोडतो."

"खोड ना. पण किटली आत्ता दे."

तिने माझे उकळते पाणी मोरीत ओतले, किटली कोरड्या फडक्याने पुसली आणि पिशवीत घातली. म्हणाली, "आता तुझ्या मरणातून मला काही मिळायचं नाही. आण, कुठे सही करू?" कलम चौथ्यातील किटली मी खोडली आहे आणि शेजारी आद्याक्षर केले आहे. पाचवे कलम मात्र तिने वाचू नये म्हणून मी त्यावर कोपर ठेवून बसलो.

दुसरा साक्षीदार कुठून आणायचा यावर आम्ही विचार केला. गावात आज एकूण दहा माणसे. दोघे माझ्याशी बोलत नाहीत, तिघे मेंढ्यांमागे डोंगरावर, एक बाळंतीण, रेगिनला शिकंजे मिळणार आहेत. याल्मारचे नाव मी काढलेच नाही. इतक्यात दार उघडले आणि सुपाचे भांडे घेऊन याल्मार आत आला. गुरुवार होता हे मी विसरलो होतो.

"आला बघ दुसरा साक्षीदार," बिल्ला म्हणाली.

"हा चालणार नाही," मी म्हणालो.

"का? मी काय केलं?" याल्मारने विचारले.

"तू काही केलं नाहीस."

"मग दे, सही करतो. उद्या तुला न्यायला येतील, पुन्हा वेळ नाही मिळणार. आत काय लिहिलंय ते मी वाचणारही नाही."

आणि खरोखर त्याने डोळे दुसरीकडे वळवून पेन हातात घेतले. मी गप्प राहिलो असतो तर त्याने सही केली असती, कायद्याप्रमाणे त्याला मिळणारे सगळे त्या सहीनेच बुडाले असते, आणि मी उद्या पुन्हा एकदा काही न बोलता निघून गेलो असतो. दुसऱ्यांदा ते माझ्याने झाले नाही. मी म्हणालो, "तुझं नाव आत आहे," आणि पाचव्या कलमावरचा कोपर उचलला.

त्याने उभ्यानेच वाचले. चर्चमध्ये वाचतो तसे, सावकाश, एकही ओळ न गाळता. बिल्लाने त्याच्या हातातले सूप काढून घेतले. मी टेबलावरच्या मिठाच्या डबीकडे पाहत होतो. मला त्याचा चेहरा बघायचा नव्हता.

वाचून झाल्यावर तो खुर्चीवर बसला.

"भोक मी पाहिलं होतं, दादा," तो म्हणाला. "मला वाटलं, चढताना माझ्याच टाचेनं बूच उडालं. मला ते लागल्यासारखंही आठवतं. तेव्हापासून मी रबरी टाचेचे बूट घालतो."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? लोक म्हणत होते माझ्यामुळे बुडाली. मलाही तेच वाटत होतं. देवाचं माणूस म्हणून नाही, टाचेमुळे. पण निकाल तोच."

मी मिठाची डबी उगाच सरळ केली.

"आणि मी तुला सांगितलं बूच नाही, तर तू म्हणालास, इथे तू फक्त माझा भाऊ आहेस, बस," याल्मार म्हणाला. "मला वाटलं तुला कळलंय. बोट बुडतेय हे कळूनसुद्धा तू मला सोबत बस म्हणतोयस. म्हणून मी बसलो. पाणी गुडघ्याला लागलं तरी बसलो. त्याआधी आणि त्यानंतर तू माझ्याशी इतकं चांगलं कधी बोललेला नाहीस."

बिल्लाने सूप खाली ठेवले. "दोघंही ठार मूर्ख," ती म्हणाली. "आणि माझ्या नवऱ्याची खाट फुकट बुडवलीत."

मग याल्मार रागावला. मी वाटच पाहत होतो. तो आवाज चढवत नाही, पण कान लाल होतात.

"जायला पन्नास मिनिटं आणि यायला पन्नास," तो म्हणाला. "महिन्यातून दोन रविवार. बर्फात. एकदा गाडी खड्ड्यात गेली होती, आठवतं? तू मला ओढायला दोर घेऊन आलास. तेव्हाही नाही बोललास."

"नाही."

"आणि मला पंधरा मिनिटांचं प्रवचन लावतोस."

"ते मी बदलतो."

"पन्नास मिनिटंच घेईन. एक मिनिट कमी नाही. आणि सगळं सांगेन, बुचासकट."

कलम दुसऱ्यातील पंधरा मिनिटांची अट मी खोडली आहे. उपस्थितांची मी आधीच माफी मागतो. त्यांनी उशी आणावी.

यानंतर बिल्ला म्हणाली की घड्याळ पुढे चाललेय आणि साक्षीदार अजून एकच आहे. "माझ्या किटलीचं केलंस तसं कर," ती मला म्हणाली. "काय द्यायचं ते आत्ता दे. मग याला मरणातून काही मिळायचं नाही आणि हा सही करायला मोकळा."

म्हणून आम्ही तिघे वाऱ्यात कोठीकडे गेलो. बिल्लाने किटली बरोबर घेतली होती, माझ्याजवळ ठेवायचा तिला भरवसा नव्हता. याल्मार उंबऱ्याशी थांबला, सवयीने. मी आत होतो. मला वाटले काहीतरी म्हणावे, पण मी जे म्हणालो ते असे: "आत ये, थंडी येतेय." तो आत आला. त्याने बूट काढून भिंतीशी ठेवले, आणि मोज्यांवर बोटीत चढून मागच्या फळीवर बसला. हात दोन्ही बाजूंना फिरवत राहिला. टेलिफोनचा खांब कुठला, त्याने विचारले. मी दाखवला. रशियन अक्षरे त्याने स्वतःच शोधून काढली.

मी त्याचा तो गीतांच्या क्रमांकांचा कागद खिशातून काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, मागचा अर्धा तुझा, आत्तापासून. पुढचाही घे. त्याने कागद घेतला, पुढचा भाग घेतला नाही.

"पुढचा तुझाच राहू दे," तो म्हणाला. "माझ्या एकट्याच्यानं ही बोट हलायची नाही."

"आणि मी उद्या उठलो नाही तर?"

"तर पुढची जागा रिकामी ठेवून मी मागे बसेन. कोणी विचारलं तर सांगेन, आमचे दादा झडप बदलायला गेलेत, येतीलच."

मी बराच वेळ लाकूड तपासत असल्यासारखे केले. मला मरायची भीती वाटते, हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितले नव्हते, त्याला सांगितले. तो म्हणाला, त्यालाही वाटते, आणि हे तो प्रवचनात सांगत नाही. बिल्ला म्हणाली, सूप गार होतेय.

सबब कलम पाचवे आता असे वाचावे: तेर्नाचा मागचा अर्धा भाग या मृत्युपत्रात नाही, कारण तो माझा नाही. पुढचा अर्धा माझ्या हयातीत माझा, आणि माझ्यानंतर सुनीवाचा. तिने उन्हाळ्यात महिन्यातून दोन रविवार याल्मारबरोबर खाडी ओलांडावी. बोटीत पाद्री असण्याला तिची हरकत नाही, तिच्या फेरीबोटीत आठवड्याला दोन तरी असतात. मी उठलो तर हे काम मीच करीन, आणि बोट मे महिन्यात पाण्यात जाईल. आणखी एकही फळी बदलली जाणार नाही. वरचा कबुलीजबाब गावात घरोघर तोंडी सांगण्याचे काम बिल्लाने आपणहून मागून घेतले आहे. ते माझ्या मृत्यूनंतर करायचे नसून आजच करायचे आहे, आणि ती अर्ध्या तासापूर्वी बाहेर पडली त्या अर्थी रेगिनच्या घरापर्यंत झालेही असेल. सहीपुरती ती परत येणार आहे.

कलम सहावे. या मृत्युपत्राची व्यवस्था सुनीवाने पाहावी. तिला काही अडले तर याल्मारला विचारावे, आणि लवकर उत्तर हवे असेल तर बिल्लाला.

हे सर्व मी कोणाच्या धाकाने किंवा भरीला घातल्याने लिहिलेले नाही. पाचव्या कलमाच्या दुरुस्तीच्या वेळी दोन माणसे माझ्यावर रागावलेली होती हे खरे, पण त्यांचा राग बरोबर होता. खाडाखोड एकूण तीन ठिकाणी आहे व ती मला मान्य आहे.

लिहून ठेवणार: ओयविंद, खडकाखालचे घर (सही)

ठिकाण: गासाविक, सुदुरोय
दिनांक: १४ मार्च २०१९, गुरुवार

साक्षीदार पहिली: बिल्ला, समोरचे घर (सही)

साक्षीदार दुसरा: याल्मार, चर्चजवळचे घर (सही)

दोन्ही साक्षीदारांनी माझ्या समोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. या मृत्युपत्राने याल्मारला काहीही मिळत नाही. जे मिळायचे होते ते त्याने आज दुपारी तीन वाजता, मी जिवंत असताना, माझ्या हातून घेतले.